सहा डिसेंबरला आपल्याला ताप का येतो?

डिसेंबर उजाडला की खाजगी कंपन्यांमध्ये, बँकांमध्ये, एनजीओंमध्ये काम करणाऱ्या आपल्या पोरापोरींना ताप येतो. कुणाची आजी सिरीयस होते. कुणाचं गावाकडे जमिनीचं काम निघतं. आणि सहा तारखेला ही सगळी आजारी माणसं दादरला चैत्यभूमीच्या रांगेत एकमेकांना भेटतात, कडकडून जय भीम घालतात, पुस्तकांच्या स्टॉलवर पिशव्या भरून घेतात. फोटो काढताना मात्र हळूच सांगतात, "स्टेटसला ठेवू नको हां, ऑफिसचे लोक आहेत माझ्याकडे."

हे मी कुणाची टर उडवायला लिहीत नाही. मी स्वतः सलग तीन वर्षं तापाचा अर्ज दिला आहे. समाजशास्त्रात एम.ए. केलेलं, जातीवर पेपर लिहिलेला, आणि ज्या संस्थेत नोकरी लागली तिच्या भिंतीवर 'सामाजिक न्याय' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. तिथेही माझा हात 'कारण' या रकान्यावर येऊन थांबायचा आणि 'प्रकृती अस्वस्थ' असं लिहून मोकळा व्हायचा. कुणी मला धमकी दिली नव्हती. फक्त पहिल्याच आठवड्यात जेवताना एका वरिष्ठ बाईंनी गोड आवाजात विचारलं होतं, "आडनाव जरा वेगळं वाटतं तुझं, मूळचे कुठले गं तुम्ही?" तो प्रश्न कशासाठी असतो ते आपल्याला पाचवीपासून कळतं. मी जिल्ह्याचं नाव सांगितलं आणि डबा लवकर संपवला.

मित्रांनो आणि मैत्रिणींनो, या भीतीबद्दल आपण चळवळीत बोलत नाही. अन्यायाबद्दल बोलतो, अत्याचाराबद्दल बोलतो, पण 'मला भीती वाटते' हे वाक्य आपल्या स्टेजवरून मी तरी ऐकलेलं नाही. त्यामुळे या विषयावर बोलायला दोनच प्रकारचे लोक उरले आहेत, आणि दोघांनीही आपलं नुकसान केलं आहे.

पहिले म्हणजे मोटिव्हेशनवाले. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये कोट घालून येतात आणि सांगतात, भीती फक्त तुमच्या मनात आहे, ती काढून टाका, सकाळी आरशासमोर उभे राहा आणि म्हणा मी जिंकणार. भीती मनात आहे? ज्याचा कंत्राटाचा करार अकरा महिन्यांचा आहे, ज्याच्या पगारावर धाकट्या बहिणीची फी आणि बापाचं औषध चालतं, ज्याचं अप्रेझल त्याच माणसाच्या हातात आहे जो 'कोटावाले' हा शब्द हसत हसत वापरतो, त्याची भीती मनात नाही, ती पगाराच्या स्लिपवर आहे. ती भीती म्हणजे हिशेब आहे, आणि बहुतेक वेळा तो हिशेब बरोबर असतो. आपल्या आजोबांनी गावात नवं धोतर नेसताना, आईने विहिरीवर उभं राहताना हाच हिशेब केला होता. ज्याच्या मागे पिढ्यानपिढ्यांची जमीन, ओळखी आणि मामाची फॅक्टरी आहे त्याने आपल्याला 'रिस्क घ्या' म्हणून शिकवावं, यात शौर्य कुठे आहे? त्याची रिस्क फसली तर तो मामाकडे जातो. आपली फसली तर आपण भाड्याची खोली सोडतो.

दुसरे आपलेच. वाघ. वर्षातून एकदा डीजेच्या भिंतीपुढे छाती काढणारे, कपाळाला निळी पट्टी, रीलमध्ये डायलॉग, 'आम्ही कुणाच्या बापाला भीत नाही'. पंधरा एप्रिलला सकाळी हेच वाघ ऑफिसच्या गेटवर आयकार्ड गळ्यात घालताना हातातला निळा धागा बाहीच्या आत सरकवतात. मी त्यांना ढोंगी म्हणत नाही. गर्दीत जी छाती निघते ती खोटी नसते, पण ती गर्दीची असते, गर्दीबरोबर घरी जाते. सोमवारी साहेबाच्या केबिनमध्ये माणूस एकटा असतो, आणि तिथे कसं उभं राहायचं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. उलट 'वाघ घाबरत नाही' एवढंच शिकवलेलं असतं. त्यामुळे घाबरलो हे कबूल करायचीही चोरी.

बाबासाहेब घाबरले होते का? हा प्रश्न विचारला की काही लोकांना राग येतो. त्यांनी एकदा 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचावं. छोटंसं आत्मकथन आहे, एका बैठकीत संपतं.

सप्टेंबर १९१७. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला सव्वीस वर्षांचा तरुण बडोद्याच्या महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला जातो. राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात जात सांगून प्रवेश मिळणार नाही हे त्याला माहीत आहे. म्हणून तो एका पारशी धर्मशाळेत जातो. ती फक्त पारशांसाठी असते. रखवालदाराशी बोलून, रोजचा दीड रुपया ठरवून, रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून तो वर राहतो. सगळ्या मजल्यावर दुसरं कुणी नाही. अडगळ भरलेलं दालन, मिणमिणता कंदील आणि आपण पकडले जाऊ ही धास्ती. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढतात. कोण आहेस तू, असं विचारतात. तो मुदत मागतो, ते संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगतात. शहरात दोन मित्र असतात, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांच्याही घरात जागा निघत नाही. आपल्या काळातला कदाचित सर्वात शिकलेला माणूस कमाठी बागेत बसून राहतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परततो. हे त्यांनी लिहिलं तेव्हा अठरा वर्षं उलटली होती. तरीही ती आठवण आली की डोळ्यांत पाणी येतंच, असं ते सांगतात.

आता सांगा, आपण आडनाव गिळतो तेव्हा आपण काय वेगळं करतो? रजिस्टरमध्ये खोटं नाव लिहिणाऱ्या त्या तरुणाला तुम्ही भित्रा म्हणाल? मी म्हणणार नाही. त्याला डोक्यावर छप्पर हवं होतं आणि व्यवस्थेने खरं नाव घेऊन छप्पर मिळायची सोय ठेवली नव्हती. आपण त्यांचा पुतळा एवढा उंच केला की कमाठी बागेतला तो माणूस आपल्याला दिसेनासा झाला. तो दिसला असता तर आपल्या भीतीची आपल्याला इतकी लाज वाटली नसती.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. बडोद्यापासून महाडपर्यंत दहा वर्षं आहेत. या दहा वर्षांत काय घडलं? भीती गेली, असं म्हणणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. भीतीचं काहीतरी केलं गेलं.

महाडचा सत्याग्रह आपण एका चित्रात बसवून टाकला आहे. ओंजळ, पाणी, मागे लोक. त्या ओंजळीच्या आधी केवढी कागदपत्रं होती ते चित्रात येत नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क होता, पण तो वापरायला कुणी जात नव्हतं, कारण जाणाऱ्याचं काय होईल ते सगळ्यांना माहीत होतं. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून माणसं गोळा केली. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांच्यासारखे सवर्ण सहकारी बरोबर घेतले. परिषदेला लागणारं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घेतलं. चाळीस रुपयांचं पाणी! ज्या पाण्यावर आपला हक्क आहे हे सांगायला जमायचं, त्या जमणाऱ्यांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं. एवढी तयारी झाल्यावर २० मार्च १९२७ रोजी ते शांतपणे चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

मग हल्ला झाला. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवून जेवणाऱ्या, परतीच्या तयारीत असलेल्या आपल्या माणसांना मंडपात आणि रस्त्यांत गाठून झोडपलं. मुसलमान घरांनी काहींना आत घेतलं. बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट बघणारे आपले लोक कमी नव्हते, त्यांत पलटणीतून आलेले पेन्शनर होते, ज्यांना हत्यार कसं धरायचं ते शिकवावं लागत नव्हतं. तो शब्द आला नाही. त्याऐवजी तक्रारी झाल्या, खटले चालले, आणि जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तिकडे तळ्याचं 'शुद्धीकरण' करायला १०८ घागरी पाणी उपसून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं गेलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा महाड. जागा द्यायला कुणी तयार नाही, फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तळ्याबाबत मात्र विरोधकांनी आधीच कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. हजारो माणसं तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. आणि बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. सत्याग्रह पुढे ढकलला. कोर्टात लढायचं ठरवलं. कल्पना करा, आज एखाद्या नेत्याने असं केलं तर आपले वाघ कमेंटमध्ये त्याला काय काय म्हणतील. विकला गेला, पळपुटा, सेटिंग. तो दावा १७ मार्च १९३७ पर्यंत चालला, मुंबई उच्च न्यायालयापर्यंत, आणि निकाल आपल्या बाजूने लागला. पुढे जायचं कधी आणि थांबायचं कधी हे ठरवलेलं असणं, त्यासाठी साक्षीदार, कागद, सोबती गोळा केलेले असणं, मार बसला तर काय करायचं आणि काय करायचं नाही हे आधीच माहीत असणं, याला मी ठरवून केलेलं धैर्य म्हणते. पुरुष कार्यकर्ते सहसा विसरतात म्हणून एक सांगते. त्याच डिसेंबरमध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना जातीची खूण असलेली लुगडं नेसायची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितलं, आणि बायकांनी तिथल्या तिथे लुगडी बदलून नेसली. त्याच अंगावर त्याच वेशात गावाच्या रस्त्याने परत जायचं होतं त्यांना. तळ्यावर सगळे मिळून गेले होते. गावात मात्र प्रत्येकीला आपापल्या गल्लीतून एकटीने जायचं होतं.

मज्झिम निकायात 'भयभेरव सुत्त' आहे. विहारात ते फारसं वाचलं जात नाही, वाचायला हवं. त्यात बुद्ध आपल्या बोधीपूर्वीच्या दिवसांबद्दल सांगतात. ज्या वनात, ज्या चैत्यांपाशी रात्री जायला लोक टरकत, तिथे ते मुद्दाम गेले. मोर काटकी पाडतो, वारा पानं हलवतो, एखादं जनावर येतं, आणि भीती येते. मग त्यांनी ठरवलं की ज्या अवस्थेत भीती आली त्याच अवस्थेत तिला सामोरं जायचं. चालताना आली तर चालतच राहायचं, ती ओसरेपर्यंत बसायचं नाही. उभं असताना आली तर उभंच राहायचं. बसलेलं असताना आली तर उठून पळायचं नाही. तथागतांना भीती वाटली नाही, असं सुत्त म्हणत नाही. ती आली, असंच म्हणतं. आणि त्याआधी एक गोष्ट येते: त्यांनी स्वतःचं वागणं, बोलणं, उपजीविका तपासून घेतली, की यात काही खोट आहे का, जिच्यामुळे भीती येईल. ऑफिसमध्ये याचा अर्थ अगदी रोकडा आहे. हजेरी, हिशेब, फाईल चोख ठेवा. आपल्यावर कारवाई करायला त्यांना निमित्त हवं असतं, आपल्या हातून ते देऊ नका. मात्र यावरून कुणी 'तुमच्यातच खोट असेल' असं उलटं शहाणपण शिकवू लागला तर त्याला तिथेच थांबवा. काठ्या घेऊन आलेल्या पारशांसमोर त्या तरुणाच्या वागण्यात काय खोट होती?

नोकरीतली भीती किती दूर जाऊ शकते याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. कराडच्या एका शासकीय महाविद्यालयात एका दलित कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी सचोटी आणि चारित्र्याबद्दल प्रतिकूल शेरे मारले. त्याने २००६ साली अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली फिर्याद दिली. गोपनीय अहवालातला एक शेरा, एवढंच ते होतं. आपल्यातल्या हजारोंनी असे शेरे गिळले आहेत. तेच प्रकरण चालत चालत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २० मार्च २०१८ ला निकाल आला, नेमका महाडच्या तारखेला, की सरकारी नोकराला नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही, गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी. कायद्याचा कणाच मोडला. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली, ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती केली, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले. एका कर्मचाऱ्याने शेरा गिळला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

पण याच कायद्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. जातीवरून अपमान झाला, तर तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. बाहेरचं कुणीही हजर नसताना चार भिंतींच्या आत झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असं २०२० च्या हितेश वर्मा खटल्यात न्यायालयाने म्हटलं. निकाल आवडो न आवडो, जातवाल्यांनी तो आपल्या आधी वाचला आहे. म्हणून तर ते केबिनचं दार लावून घेतात. तेव्हा केबिनमध्ये बोलावलं तर एकट्याने जाऊ नका. 'सर, सोबत अमुक आहेत, तेही थांबतील', हे वाक्य घरी दहा वेळा म्हणून बघा, घशातून बाहेर येईपर्यंत. बाहेर आल्यावर लगेच तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं हे वहीत लिहा. तोंडी मिळालेल्या आदेशाची ईमेलवर पोच द्या. सरकारी खात्यात असाल तर बिंदुनामावली आणि अनुशेषाची माहिती माहितीच्या अधिकारात मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यात वाघासारखं काही नाही, कारकुनासारखं आहे. महाडही बरंचसं कारकुनासारखंच होतं.

गेल्या वर्षी आमच्या शहरातल्या चौदा सफाई कामगार बायकांबरोबर मी काही महिने बसत होते. कंत्राटदाराकडून पगारातून पीएफ कापला जात होता, पासबुकात मात्र जमा नव्हता. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलत नव्हतं, कारण मुकादम म्हणायचा, "जास्त शहाणपण केलं तर उद्यापासून येऊ नको." मी पहिल्या दिवशी त्यांना निर्भयतेवर भाषण दिलं. (आता आठवलं तरी ओशाळायला होतं.) एक मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचं बरोबर आहे, पण तुमची नोकरी आमच्या मुकादमाकडे नाही."

मग आम्ही भाषण सोडून कामाला लागलो. प्रत्येकीचं यूएएन पासबुक मोबाईलवर काढलं. पगाराच्या स्लिपांच्या झेरॉक्स. कोणत्या महिन्यात किती कापले, किती जमा. अर्ज भविष्य निर्वाह निधी कार्यालयाला आणि प्रत महापालिकेला, कारण मुख्य मालक तीच. सही करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. पहिलं नाव कुणाचं? पहिलं नाव म्हणजे पुढारी, आणि पुढारी म्हणजे उद्यापासून येऊ नको. शेवटी एकीने कागदावर ताटलीचा गोल काढला आणि सगळ्यांनी गोलावर चहूबाजूंनी सह्या केल्या. दोघींनी अंगठा उठवला. पहिलं कोण, शेवटचं कोण, कळायला मार्ग नाही.

मुकादमाने एकेकीला बोलवायचा प्रयत्न केला. ठरल्याप्रमाणे एकीला बोलावलं की तिघी जायच्या. आठ महिन्यांचे पैसे जमा झाले. आणि कंत्राट नव्याने निघालं तेव्हा दोघींची नावं गळाली. एकीला भांडून परत घेतलं गेलं, दुसरी आता चार घरची धुणीभांडी करते. हे मी लपवत नाही, कारण लपवलं तर मीही त्या कोटवाल्यासारखीच होईन. किंमत मोजावी लागते, आणि ती बऱ्याचदा ज्याच्याकडे सर्वात कमी आहे त्यालाच मोजावी लागते. म्हणूनच दुसऱ्याला 'तू लढ' म्हणण्याचा अधिकार मिळवायचा असेल तर आधी ठरवा की तिची नोकरी गेली तर तिच्या घरचं रेशन कोण भरणार. त्या मावशीसाठी आमच्या विहारात महिन्याला वर्गणी निघते. ती पुरत नाही. जयंतीच्या डीजेला पुरते.

माझ्या ओळखीत असे अनेक आहेत ज्यांनी आजही ऑफिसमध्ये आपली ओळख सांगितलेली नाही. काहींची परिस्थिती मला माहीत आहे आणि मी त्यांना सांगा असं म्हणणार नाही. कधी बोलायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र 'दुर्लक्ष कर, धीर धर, डिग्री पूर्ण कर, मग बघू' हा आपल्या घराघरांतला सल्ला मला आता ऐकवत नाही. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी या दोघांच्या आयांनी २०१९ मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की कॉलेज-विद्यापीठांमधला जातिभेद रोखणारी यंत्रणा प्रत्यक्षात उभी करा. त्यांच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. एकटं पडलेल्या लेकरामागे जी माणसं उभी राहायला हवी होती ती आधी राहिली नाहीत, आणि ते काम दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायकांनी अंगावर घेतलं आहे.

माझ्या चौथ्या वर्षीच्या अर्जात मी 'कारण' या रकान्यात 'महापरिनिर्वाण दिन, चैत्यभूमी' असं लिहिलं. हात थरथरत होता, अक्षर वाकडं आलं. त्या आधीच्या दोन आठवड्यांत मी रजेचे नियम वाचले होते, शिल्लक रजा मोजली होती, आणि अकाउंट्समधल्या एका मुलाला, जो दरवर्षी माझ्यासारखाच आजारी पडायचा, विचारलं होतं की तूही लिहितोस का. तो म्हणाला, बघतो. वरिष्ठ बाईंनी अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, "अच्छा" म्हणाल्या आणि सही केली. त्या वर्षीची माझी पगारवाढ थांबली. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही हे मी लेखी विचारलं, उत्तर आलं नाही, त्या पत्राची पोच माझ्याकडे आहे. अकाउंट्समधल्या मुलाने त्या वर्षी तापच लिहिला. पुढच्या वर्षी त्याने अर्ज माझ्या टेबलावर आणून दाखवला, कारणाचा रकाना कोरा होता, आणि विचारलं, "ताई, 'महापरिनिर्वाण'मधला पहिला 'रि' ऱ्हस्व का दीर्घ?"

जय भीम.